पात्र, अपात्र आणि आपण

यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या पोरांना दोन सरकारी शब्द फार लवकर कळतात. पात्र आणि अपात्र. शाळेतल्या व्याकरणाआधी कळतात. शेतकऱ्याने आत्महत्या केली की प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातं. नापिकी होती का? कर्ज होतं का, आणि ते बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का? वसुलीचा तगादा होता का? सातबारा कोणाच्या नावावर आहे? कागद जुळले तर प्रकरण 'पात्र' आणि कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. कागद जुळले नाहीत तर प्रकरण 'अपात्र'. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा येतो: इतकी पात्र, इतकी अपात्र, इतकी चौकशीत.

मदत द्यायची तर काहीतरी निकष लागणारच, हे मला मान्य आहे. पैसा मोजका असतो. मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. हे दोन शब्द कलेक्टर ऑफिसातून निघून आपल्या डोक्यात येऊन बसलेत, त्याबद्दल. आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक पात्रता समिती आहे. आपल्याला झोप लागत नाही, छातीत धडधडतं, सकाळी उठावंसं वाटत नाही, की लगेच ती समिती बसते आणि विचारते: हे दुःख म्हणायच्या लायकीचं आहे का?

माझं प्रकरण या समितीपुढे जवळजवळ वर्षभर पडून होतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वय तिशीच्या अलीकडचं. कंपनी पुण्यातली, काम घरून, घर दारव्हा तालुक्यातलं. अर्जात लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. नोकरी चालू, पगार वेळेवर, कर्ज फक्त एका बाईकचं. तक्रार एवढीच की रविवारी दुपारनंतर पोटात गोळा यायचा, रात्री तीनला जाग यायची आणि मग सर्व्हर बंद पडल्याचा अलर्ट आला नसतानाही मी मोबाईल उघडून बघायचो. मित्रांचे फोन वाजायचे, मी स्क्रीनकडे बघत राहायचो. जेवण समोर आलं की भूक मरायची. आई म्हणायची, "तुले का झालं रे? तू तं सावलीत बसून काम करतं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. तिने आयुष्यभर उन्हात कापूस वेचलेला.

आणि जागा कोणती? १९ मार्च १९८६ ला साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर नोंद झालेली शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. ते याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, तीही इथलीच. जानेवारी २०१९ मध्ये ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरलं आणि त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं, एका आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातल्या बाईने. ज्या जिल्ह्यात दुःखाला एवढा मोठा मंच लागतो, तिथे 'मला रविवारी संध्याकाळी कसंतरी होतं' हे वाक्य कुठल्या तोंडाने म्हणायचं?

तर प्रश्न हा आहे: आसपास एवढं मोठं दुःख असताना आपल्या छोट्या दुःखाची दाद मागणं नैतिकदृष्ट्या बरोबर आहे का? वाटतो तितका हा प्रश्न बावळट नाही. 'सगळ्यांचं दुःख सारखंच असतं' असं म्हणून तो उडवून लावणारे पोस्टर इन्स्टावर पुष्कळ आहेत. पण दुःख सारखं नसतं. नवरा गमावलेल्या बाईचं दुःख आणि माझी तुटलेली झोप एका तराजूत टाकणं हा अपमान आहे. तिचा.

म्हणून मी त्या समितीचा निर्णय नाकारत नाही. माझं दुःख लहानच आहे. मला शंका आहे ती समितीच्या कामकाजाबद्दल. लहान आहे म्हणजे बोलायचं नाही, हे दुसरं वाक्य पहिल्यातून कसं निघतं?

*

शेवटी मी एका ऑनलाइन समुपदेशकांकडे नाव नोंदवलं. पन्नास मिनिटं, आठवड्यातून एकदा, व्हिडिओवर. नेटवर्कसाठी गच्चीवर बसायचो. घरात दार लावून बोलायची पद्धत नाही, आणि लावलंच तर 'दार काऊन लावलं' हा प्रश्न ठरलेला. त्यामुळे खालून आई वर आली की मी बोलणं थांबवून चॅटमध्ये टाइप करायचो. समुपदेशक ताईंना ते दोन आठवड्यांत कळलं. मी टाइप करायला लागलो की त्याही आवाज बंद करून टाइप करायच्या.

पहिल्या दिवशी एक फॉर्म आला, पीएचक्यू-९ नावाचा. २००१ पासून जगभर वापरात असलेली नऊ प्रश्नांची यादी. झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं, जगणं नकोसं वाटणं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. मी इंजिनिअर, फॉर्म दिसला की त्याचं डिझाइन बघतो. तर या फॉर्ममध्ये मला एक गोष्ट सापडली. तो कुठेही विचारत नाही की तुमच्यापेक्षा जास्त त्रास कोणाला आहे का. पगार विचारत नाही, शेती विचारत नाही, कारणही विचारत नाही. तो फक्त विचारतो: गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं? अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, की जवळजवळ रोज?

तुलना आहे, पण ती तुमच्याच दिवसांशी. चौदा दिवसांपैकी किती दिवस तुमच्या हातून गेले, एवढाच हिशेब. गावची पैसेवारी काढताना शेजारच्या गावात गारपीट झाली म्हणून आपलं पीक चांगलं धरत नाहीत. आपल्या वावरात काय उगवलं ते बघतात. मनाच्या बाबतीत मात्र आपण शेजारच्या गावची गारपीट मोजून आपली पैसेवारी लावतो.

हे ताईंना सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तुमची समिती कोणाला पात्र ठरवते, ते एकदा नीट लिहून बघा." मी यादी लिहायला बसलो. माझ्यापेक्षा पात्र कोण? बाबा. सोयाबीनचा पैसा बुडालेला, विहिरीचं कर्ज. पण बाबांना कधी विचारलं तर ते म्हणतात, "आपलं तरी बरं हाये, वावर तरी वाचलं." त्यांच्या मते पात्र कोण, तर शेजारचा, ज्याचं वावर गेलं. आणि वावर गेलेला माणूस चहाच्या टपरीवर काय म्हणतो? "पोरं तं धडधाकट हायेत ना आपले."

प्रत्येक जण आपल्यापेक्षा खालच्या पायरीकडे बोट दाखवतो. ही साखळी कुठे थांबते बघा. शेवटी एकच माणूस पात्र उरतो, तो म्हणजे मेलेला. आणि त्यालाही समितीपुढे कागद द्यावे लागतात.

हा माझ्या दृष्टीने या सगळ्या तुलनेवरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. दुसऱ्याचं दुःख मोठं म्हणून आपण गप्प बसलो, तर त्या दुसऱ्याला त्याचा फायदा व्हायला हवा. होत नाही. माझ्या गप्प बसण्याने बाबांना बोलायला जागा मिळाली नाही. उलट घरात 'बोलायचं नाही' हा नियम आणखी पक्का झाला. या त्यागातून कोणाच्याच पदरात काही पडत नाही.

किसा गोतमीची गोष्ट आमच्याकडच्या विहारांत कित्येकदा सांगितली जाते. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती बुद्धाकडे येते. बुद्ध म्हणतात, ज्या घरात कोणी मेलं नाही अशा घरातून मोहरी घेऊन ये. आपण ही गोष्ट बऱ्याचदा अशी ऐकतो की, बघ, सगळ्यांनाच दुःख आहे, तुझं काय मोठंसं. पण नीट बघा. तिला 'घरोघरी मरण आहे, गप्प राहा' असं जागच्या जागी सांगता आलं असतं. बुद्धांनी तसं सांगितलं नाही. तिला दारोदार जायला लावलं. प्रत्येक दारात तिने आपली गोष्ट सांगितली असेल आणि प्रत्येक दाराने आपली. दुसऱ्याचं दुःख बघून आपलं हलकं होतं ते अशा बोलण्यातून. मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करून नाही.

*

इथे कोणी म्हणेल, ठीक आहे, बोला. पण आईशी बोला, मित्राशी बोला. पैसे देऊन परक्या बाईशी कशाला?

कारण आई आणि मित्र त्या साखळीत आहेत. आईला मी काही सांगितलं की ती त्याच्या शेजारी आपला हिशेब मांडणारच, तिचा इलाज नाही. ताई या साखळीच्या बाहेर होत्या. मी कोणाचा पोरगा, आमचं वावर किती, माझ्या बहिणीचं लग्न ठरायचंय की ठरलंय, यातलं त्यांना काही माहीत नव्हतं आणि काही बिघडणारही नव्हतं. तालुक्याच्या गावात मनोविकारतज्ज्ञाच्या पायरीवर चढलं की संध्याकाळपर्यंत सोयऱ्यांना कळतं. स्क्रीनवर ती पायरीच नाही. आणि फीचं म्हणाल तर त्या पैशांमुळे मला एक मोकळीक मिळाली: या पन्नास मिनिटांत मला परत त्यांचं ऐकून घ्यायचं देणं लागत नव्हतं.

माझ्या वयाचे बरेच जण आता माणसाऐवजी चॅटबॉटशी बोलतात. त्याचं कारणही मला याच समितीत दिसतं. माणसाचा वेळ घ्यायला आपण अपात्र वाटतो, मशीनचा वेळ घ्यायला लाज वाटत नाही. ही गोष्ट जुनी आहे. १९६६ मध्ये एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलिझा नावाचा प्रोग्राम जगापुढे आणला. तुम्ही लिहिलेलं वाक्यच तो फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचा. प्रोग्राममध्ये काही नाही हे ठाऊक असूनही त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. तिची गरज खोटी नव्हती. रात्री तीनला बॉटशी बोलून बरं वाटत असेल तर मी कोणाला नावं ठेवणार नाही. पण बॉटला आपल्यासाठी काही खर्चावं लागत नाही. 'माझ्यासाठी कोणाचा वेळ खर्च व्हावा का?' हा जो मूळ प्रश्न आहे, तो त्याच्याशी बोलून सुटत नाही, फक्त टळतो. ताईंनी तिसऱ्या आठवड्यात पहिल्या आठवड्यातलं माझं वाक्य काढून विचारलं, "हे तुम्ही म्हणाला होतात. आजही तसंच वाटतं?" कोणीतरी माझं एक वाक्य दोन आठवडे सांभाळून ठेवलं होतं.

*

आता जास्त अवघड आक्षेप. माझ्या एका सेशनची फी आमच्याकडच्या शेतमजुराच्या काही दिवसांच्या मजुरीएवढी. त्यावर स्मार्टफोन हवा, नेट हवं, यूपीआय हवं, आणि 'मला ॲंग्झायटी आहे' असं म्हणायला शब्दही हवेत. आमच्याकडे 'जीव घाबरते' म्हणतात, 'जीवाले घोर लागला' म्हणतात, पण तो घोर घेऊन कोणाकडे जायचं असतं हे माहीत नसतं. म्हणजे डोक्यातली समिती बरखास्त केली तरी बाजारातली समिती आहेच. तिच्या यादीत मी पात्र, बाबा अपात्र. मग मी गच्चीवर बसून घेतलेली ती पन्नास मिनिटं चोरीची झाली का?

मी यावर बराच विचार केला. मी ती घेतली नसती तर ती बाबांना मिळाली असती का? नाही. मदतीच्या रकमेसारखी ती एका थैलीतून येत नाही. उलट ऐकून घेणारी माणसं वाढवता येतात. याचा पुरावा आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. 'विश्राम' नावाच्या कार्यक्रमात तिथल्या तीस गावांमध्ये गावातल्याच माणसांना शिकवून कामाला लावलं गेलं. नैराश्याची लक्षणं ओळखणं, पहिला धीर देणं, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे पोचवणं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक कुठल्यातरी उपचारापर्यंत पोचत होते. दीड वर्षानंतर हा आकडा २७.२ टक्के झाला. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त हा अभ्यास छापून आला. म्हणजे विदर्भातला माणूस बोलत नाही, हे खरं नाही. विचारणारा दारात आला की तो बोलतो.

कायद्यानेही पात्रतेची ही भाषा सोडली आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ नुसार सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवेवर प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे. प्रत्येक व्यक्तीचा. कलम ११५ तर मला वाचताना थांबवून गेलं. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, आणि त्याची काळजी घेणं, उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य. पूर्वी याच प्रयत्नाबद्दल भारतीय दंडविधानाच्या कलम ३०९ खाली शिक्षा होती. म्हणजे माणसाने आपलं दुःख सिद्ध करावं, इथून निघून माणसाचं दुःख आधी खरं माना, इथपर्यंत कायदा आला. आपल्या डोक्यातली समिती अजून जुन्याच कायद्याने चालते.

हक्क कागदावर आहे आणि गावातून डॉक्टरपर्यंतची एसटी दिवसातून दोनदा आहे, हेही खरं. पण त्यातून निघणारं माझं कर्तव्य 'मीही घेऊ नये' हे नाही. ज्याला मिळालं त्याने ते कसं मिळतं हे सांगत सुटावं, हे आहे. म्हणून इथेही सांगतो. १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारने टेलिमानस सुरू केलं. नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतूनही बोलता येतं. साध्या बटणाच्या फोनवरून लागतो. दुःख किती मोठं असलं की फोन करायचा, अशी अट नाही.

शेवटचा आक्षेप आमच्या गावातल्या एका मित्राचा. तो शेतकरी संघटनेचं काम करतो. म्हणाला, "समुपदेशनानं कापसाचा भाव वाढते का?" नाही वाढत. आणि भाव पाडून वर समुपदेशक पाठवणं म्हणजे बैलाच्या खांद्यावरच्या जखमेला हळद लावून जू तसंच ठेवणं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तो माझ्या नोकरीलाही लागू आहे. फक्त एक भर घालतो. चांगलं समुपदेशन जू झाकत नाही, दाखवतं. ताईंनी मला एका पानावर दोन रकाने पाडायला लावले: यातलं तुमच्या मनातलं काय आणि तुमच्या कामातलं काय? अलर्ट आला नसताना फोन बघणं पहिल्या रकान्यात गेलं. महिन्यातल्या पंधरा रात्री सर्व्हरची जबाबदारी माझ्या एकट्यावर असणं दुसऱ्या. पहिल्यावर आम्ही बोललो. दुसऱ्याबद्दल मी मॅनेजरला लेखी कळवलं आणि रात्रीच्या पाळ्या चौघांत वाटल्या गेल्या. तोपर्यंत मला तो सगळा एकच गोळा वाटत होता, आणि तो माझ्याच पोटातला. जो माणूस रात्रभर झोपलेला नाही, तो भावासाठी कसा भांडणार? मित्राने यावर मान हलवली नाही, पण नंबर मात्र लिहून घेतला. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात एका रात्री आम्ही अंगणात खाटा टाकून पडलो होतो. मी बाबांना सांगितलं की मला वर्षभर झोप नव्हती, आणि मी दर गुरुवारी गच्चीवर कोणाशी बोलतो. मला वाटलं, ते सावलीतल्या नोकरीबद्दल काही बोलतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कूस न बदलता म्हणाले, "मले बी नाही लागत झोप. सोयाबीन गेलं तवापासून."

आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं. त्यांचं दुःख माझ्यापेक्षा मोठंच आहे, आणि ते मोठंच राहिलं. पण ते बाहेर यायला माझं लहान दुःख आधी बाहेर यावं लागलं.